अक्षरांचे स्थलांतर

घर बदलण्याचा प्रसंग प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, देव्हारा, कपाटे यांची बांधाबांध होते. सामान टेम्पोत चढते आणि नव्या दारी उतरते. एकदा मोजदाद केली, की सगळे आले याची खात्री पटते. पितळेचा तांब्या जुन्या घरात तांब्या असतो आणि नव्या घरातही तांब्याच राहतो. जागा बदलल्याने त्याचे रूप बदलत नाही. संगणक बदलताना मात्र या साध्या नियमाचा भरवसा धरता येत नाही. तेथे सामान पोहोचते, मोजदादही पुरी भरते आणि तरीही उघडून पाहावे तर तांब्याच्या जागी भलतेच काही निघते.

गेल्या चाळीस वर्षांत मराठी माणसाने आपले कितीतरी लेखन संगणकाच्या स्वाधीन केले. पत्रे, हिशेब, कविता, संस्थांची इतिवृत्ते, गावांचे इतिहास, वंशावळी, पाककृती असे नाना प्रकारचे लेखन त्यात आहे. वही फाटते, शाई उडते. संगणकात ठेवले म्हणजे कायमचे राहिले, अशी समजूत त्यामागे होती. ती समजूत अर्धीच खरी होती. जपून ठेवणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर किती मोठे असू शकते, ते जुन्या यंत्राकडून नव्या यंत्राकडे जाताना कळते.

या संदर्भात बडोद्यातील एका बाईंचा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. गायकवाडांच्या राज्यामुळे त्या शहरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. बाई तेथील एका मराठी शाळेत ग्रंथपाल होत्या. त्यांची आई साताऱ्याकडच्या दुष्काळी माणदेशातून लग्न होऊन बडोद्याला आलेली. तिला लिहिता येत नव्हते; पण जात्यावर बसली, की ओवीमागून ओवी तिच्या ओठी येई. पुढे घरातले जाते गेले, दळण गिरणीत जाऊ लागले, तरी ओव्या राहिल्या. भाजी निवडताना, नातवंडाला झोपवताना ती त्या गुणगुणत असे. बाईंनी त्या वह्यांमध्ये उतरवून घेतल्या. सातशेहून अधिक ओव्या आणि त्यांतल्या अडलेल्या शब्दांचे, आईनेच सांगितलेले अर्थ, असा तो ठेवा होता.

२००२ साली बाईंनी संगणक घेतला. तरुणपणी टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये त्या मराठी टंकलेखन शिकल्या होत्या. दुकानदाराने त्याच कळफलकावर चालणारा एक मराठी फॉन्ट बसवून दिला आणि बाईंची बोटे पूर्वीच्याच सवयीने चालू लागली. तीन वर्षे रोज दुपारी दोन तास बसून त्यांनी साऱ्या ओव्या टंकित केल्या. शेवटच्या दीडशे ओव्यांच्या वेळी डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यामुळे ते काम त्यांनी जवळच्या दुकानातील टंकलेखकाकडून करून घेतले. २००६ साली आई गेली. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी माळ्यावरची पेटी उघडली, तेव्हा वह्यांना वाळवी लागलेली होती. पानांची चाळण झालेली पाहून बाईंना वाईट वाटले. पण ओव्या संगणकात आहेत, हा दिलासा होता. आता तीच एकमेव प्रत उरली होती.

८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपी या प्रणालीला तिच्या निर्मात्या कंपनीकडून मिळणारा आधार थांबला. बाईंच्या यंत्रावर तीच प्रणाली होती आणि ते यंत्रही आता थकले होते. भाच्याने नवा संगणक आणून दिला. जुन्यातील सर्व फाइली त्याने पेन ड्राइव्हवर घेतल्या, नव्यात उतरवल्या, मोजून पाहिल्या आणि सांगितले, “मावशी, तुझ्या सगळ्या फाइली आल्या. एकही मागे राहिली नाही.” बाईंनी पहिली फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस, डॉलरची चिन्हे आणि डोक्यावर टोपी घातलेली युरोपीय अक्षरे यांची खिचडी पसरली होती. ओवीचे एक अक्षरही त्यात ओळखू येत नव्हते.

भाचा खोटे बोलला नव्हता. फाइलीतील एक कणही हरवला नव्हता. मग ओव्या कोठे गेल्या? या प्रश्नाचे उत्तर संगणक अक्षरे कशी जपतो, यात आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला केवळ अंक कळतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक साठवायचा, अशी ही व्यवस्था आहे. अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ या मानकात १२८ क्रमांक होते. ते इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या सूचना यांतच संपले. पुढे ही मर्यादा २५६ पर्यंत वाढली, तरी त्या वाढीव जागा युरोपीय भाषांनी व्यापल्या. देवनागरीला आपली म्हणावी अशी जागा तेथे नव्हती.

तेव्हा एक युक्ती निघाली. क्रमांक इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा. पण तो पडद्यावर दाखवताना देवनागरीचा एखादा तुकडा दाखवायचा. कोठे काना, कोठे अर्धा त, कोठे रफार. अशा तुकड्यांच्या संचाला फॉन्ट म्हणत. गावोगाव हिंडणारा बहुरूपी आज पोलीस होतो, उद्या वैद्य. सोंग उतरले की आतला माणूस तोच असतो. या फाइलींमध्ये आत इंग्रजी अक्षर होते आणि फॉन्ट हे त्याचे मराठी सोंग होते. फॉन्ट संगणकात बसवलेला असेपर्यंत सोंग टिकले. नव्या संगणकात तो फॉन्ट नव्हता. सोंग उतरले आणि आतले इंग्रजी अक्षर उघडे पडले.

या युक्तीला आज नावे ठेवणे सोपे आहे. पण तिचे ऋण मान्य करायला हवे. याच फॉन्टांच्या बळावर मराठी वर्तमानपत्रे, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके आणि लग्नपत्रिका छापल्या गेल्या. खिळे जुळवणाऱ्या हातांना संगणकाची वाट याच फॉन्टांनी दाखवली. उणीव एवढीच, की प्रत्येक निर्मात्याने आपल्या सोयीने तुकड्यांची मांडणी केली. एका फॉन्टात ज्या क्रमांकावर ‘क’ होता, त्याच क्रमांकावर दुसऱ्यात ‘ळ’ असे. एका फॉन्टात लिहिलेला मजकूर दुसऱ्यात उघडला, तर अक्षरे देवनागरीच दिसत. पण त्यांना अर्थ नसे.

सर्वांना समान ठरेल अशी व्यवस्था करण्याचे प्रयत्नही त्याच काळात चालू होते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेत पुढे वाढले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक स्वीकारले. त्याच वर्षी ‘युनिकोड’ या जागतिक मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि भारतीय मानकाच्या आधीच्या आराखड्यावर बेतलेली १२८ घरांची स्वतंत्र वस्ती देवनागरीला मिळाली. तेथे ‘क’चा क्रमांक ‘क’चाच असतो, तो अन्य कोणाचे सोंग नसतो. फॉन्ट बदलला, तर अक्षराचे वळण बदलते, अक्षर बदलत नाही. २००० साली आलेल्या विंडोज २०००मध्ये या पद्धतीने देवनागरी लिहिण्याची सोय झाली.

तरीही बाईंनी २००२ साली जुनाच मार्ग धरला, आणि त्या एकट्या नव्हत्या. छापखान्यांतील पानमांडणीची साधने वर्षानुवर्षे जुन्या फॉन्टांवरच चालत होती. टंकलेखकांची बोटे जुन्या कळफलकावर बसलेली होती. समोर दिसते ते मराठीच आहे, मग आत काय आहे याची चौकशी कोण करतो? नवी व्यवस्था आली म्हणून जुनी सवय एका दिवसात जात नाही, हा अनुभव सर्वत्रच येतो.

बाईंच्या ओव्या परत मिळवण्याची पहिली पायरी सोपी होती. जुना संगणक अजून भंगारात गेला नव्हता. भाच्याने त्यातील फॉन्टची फाइल शोधून नव्यात बसवली आणि क्षणार्धात पडद्यावर ओव्या उमटल्या. काम संपले असे वाटले. पण ते संपले नव्हते. बाईंनी नाशिकच्या धाकट्या बहिणीला एक फाइल ई-मेलने पाठवली, तर तिच्याकडे पुन्हा तीच खिचडी उघडली. ‘माहेर’ हा शब्द कोणकोणत्या ओव्यांत आला आहे, हे शोधू गेल्यास संगणक एकही ओवी दाखवीना. कारण त्याच्या लेखी त्या फाइलीत मराठी शब्दच नव्हते. शब्दार्थांची यादी अकारविल्हे लावू पाहिली, तर तीही इंग्रजी क्रमाने विस्कटली. दृष्टिहीन व्यक्तींना मजकूर वाचून दाखवणारी साधने असतात. त्यांनाही या ओव्या म्हणजे निव्वळ गोंगाट. सोंगाला पुन्हा रंग चढला होता एवढेच. अक्षरांचे खरे रूपांतर व्हायचे होते.

रूपांतराचे तत्त्व सरळ आहे. जुन्या फॉन्टातील प्रत्येक तुकड्यासमोर युनिकोडमधील योग्य अक्षर मांडून एक कोष्टक करायचे आणि संगणकाने त्यानुसार अदलाबदल करायची. अडचण येते ती क्रमाची. ‘किती’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, म्हणून टंकलेखक ती आधी टंकित करी आणि जुना फॉन्टही ती आधीच साठवी. उच्चारात मात्र ‘क’ आधी येतो आणि ‘इ’ नंतर; युनिकोड हाच उच्चाराचा क्रम पाळते. रफाराचे उलट आहे. ‘सूर्य’ या शब्दात रफार ‘य’च्या डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्या पद्धतीत तो नंतर येई, उच्चारात ‘र्’ आधी आहे. म्हणजे रूपांतर करणाऱ्या साधनाला केवळ अक्षरे बदलून भागत नाही. डोळ्याच्या क्रमाने लिहिलेला मजकूर कानाच्या क्रमाने लावावा लागतो.

मराठीची स्वतःची आणखी एक अडचण आहे. ‘सासऱ्याचा’, ‘शेतकऱ्याला’, ‘वारकऱ्यांची’ या शब्दांत ‘र’चे जे अर्धे, आडवे रूप येते, ते हिंदीला लागत नाही. त्यामुळे हिंदीपुरता विचार करून तयार केलेल्या कोष्टकांत ते निसटते आणि त्याच्या जागी रफार येऊन बसतो. ही शुद्धलेखनाची किरकोळ बाब नव्हे. ‘आचाऱ्याला बोलवा’ म्हटले, तर स्वयंपाकी येईल. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले, तर गुरुजी येतील. ‘दऱ्या’ डोंगरात असतात आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. शिवाय हे रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवण्याची रीत पडली. त्यामुळे दिसायला एकसारखे असलेले दोन ‘सासऱ्या’ संगणकाला कधीकधी दोन वेगळे शब्द वाटतात.

बाईंच्या ओव्यांत सासर आणि माहेर यांखेरीज दुसरे विश्व नव्हते. साहजिकच रूपांतर झालेल्या पहिल्या फाइलीत पानोपानी ‘सासर्या’ अवतरला. ती चूक एकसारखी होती, म्हणून एकाच आज्ञेने दुरुस्त झाली. परंतु काही चुका एकसारख्या नव्हत्या. कोठे अनुस्वार पुढच्या अक्षरावर सरकला होता, कोठे जोडाक्षराचा अर्धा भाग गळला होता. तेथे कोष्टक उपयोगाचे नव्हते. वाचणाराच हवा होता. बाई दररोज वीस ओव्या घेऊन बसत. अक्षरांवरून शब्द लागला नाही, की त्या ओवी आईच्या चालीत म्हणून पाहत. चालीत जेथे ठेच लागे, तेथे अक्षर गळलेले असे. यंत्राने गमावलेले अक्षर अनेकदा त्यांच्या कानाने परत मिळवले.

याच कामात एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. नव्या संगणकात शुद्धलेखन तपासण्याची सोय होती. ती ‘पानी’ या शब्दाखाली लाल रेघ मारी आणि ‘पाणी’ सुचवी. ‘लोनी’खाली रेघ मारून ‘लोणी’ सुचवी. भाचा म्हणाला, “मावशी, एका झटक्यात सगळं शुद्ध करून टाकू.” बाईंनी त्याला थांबवले. आईच्या तोंडी ‘ण’ क्वचितच येई. माणदेशच्या मातीतील तिचा तो उच्चार होता. तिचे छायाचित्र घरात एकच होते आणि आवाजाची ध्वनिफीत तर नव्हतीच. तिच्या बोलण्याचा जो काही अंश उरला होता, तो या ‘पानी’त आणि ‘लोनी’त होता. यंत्राच्या दृष्टीने जी चूक, ती त्या घरापुरती आईची खूण होती. लाल रेघा तशाच राहू दिल्या गेल्या.

दुकानातील टंकलेखकाने केलेल्या शेवटच्या दीडशे ओव्यांचा प्रश्न अधिक बिकट निघाला. त्या निराळ्या फॉन्टात होत्या. फॉन्टचे नाव फाइलीत नोंदलेले होते; पण तो फॉन्ट बाईंच्या जुन्या संगणकात नव्हता आणि ते दुकान केव्हाच बंद झाले होते. भाचा आठवडाभर ओळखीच्या छापखान्यांतून विचारणा करीत फिरला. अखेर एका लहान मुद्रणालयाच्या कपाटात, धुळीने माखलेल्या सीडीवर तो सापडला. त्या दीडशे ओव्या वाचता आल्या, त्या एका माणसाने जुनी सीडी टाकून दिली नाही म्हणून. अकरा ओव्यांतील काही शब्द मात्र शेवटपर्यंत लागले नाहीत. नाशिकच्या बहिणीला विचारले, तर तिला ते वेगळेच आठवत होते. दोघींनी विचार करून तेथे आपल्या मनाचे शब्द घातले नाहीत; मोकळी जागा ठेवून टिंबे दिली. जे माहीत नाही ते माहीत नाही असे दाखवणे, हाही प्रामाणिकपणाच होय.

वरवर पाहता ही सारी संगणकयुगाची कहाणी आहे. परंतु मराठी भाषेने असे स्थलांतर पूर्वीही केले आहे. अनेक शतके मराठीचा दैनंदिन व्यवहार मोडी लिपीत चालला. दौतीत बोरू बुडवून, कागदावर आधी रेघ ओढून, हात न उचलता वेगाने लिहिण्याची ती लिपी होती. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील बहुतांश मराठी कागद मोडीत आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. छापखाने आले, शाळा वाढल्या आणि बाळबोध म्हणजेच देवनागरी लिपीचा प्रसार झाला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी नित्य व्यवहारातून मागे पडली. कागद जागेवरच होते. पण त्यांना वाचणारे डोळे कमी होत गेले. ज्या नातवाला मोडी येत नव्हती, त्याच्या लेखी आजोबांचे खतपत्र आणि बाईंच्या पडद्यावरची खिचडी यांत फारसा भेद नव्हता.

ते कागद पुन्हा बोलके करण्यासाठी अनेकांनी आयुष्ये वेचली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून दफ्तरे धुंडाळीत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे तिचे बावीस खंड झाले. १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. सरदेसाईंच्या आयुष्याचा मोठा भाग बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सेवेत गेला होता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि शब्दांमध्ये अंतर सोडण्याची रीतही नव्हती. मोडीतला शब्द देवनागरीत आणताना ‘दिन’ लिहायचे की ‘दीन’, हे लिपी सांगत नाही. वाचणाऱ्याला संदर्भावरून ठरवावे लागते. बाईंनी ओवीची चाल लावून शब्द निश्चित केला, त्याच जातीचे हे काम आहे. साधने बदलली, तरी लेखन एका काळातून दुसऱ्या काळात नेणाऱ्याला समजून वाचावेच लागते.

नवी व्यवस्थाही एका दिवसात पूर्ण झाली नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. मोडीला तेथे जागा मिळाली ती २०१४ साली. घर मिळाल्यावर एकेक खोली वाढवावी, तशी ही वाढ आहे. आजची व्यवस्था उद्या पुन्हा बदलणार नाही, असे कोणी सांगू शकत नाही. एके काळी घरोघरी असलेल्या साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट मजकूर मावत असे. आज ती चकती हाती आली, तरी ती वाचणारे यंत्र सहसा सापडत नाही.

म्हणूनच जुन्या यंत्राची पाठवणी करण्यापूर्वी काही पथ्ये पाळणे हिताचे ठरते. फाइली मोजून थांबू नये. त्या नव्या यंत्रावर उघडून, निदान काही पाने वाचून पाहावीत. वाचून होईपर्यंत जुने यंत्र विकू नये. जुना फॉन्ट आणि तो ज्या नावाने ओळखला जातो ते नाव, दोन्ही जपावे. रूपांतर केल्यावर मूळ फाइल पुसू नये. रूपांतरात चूक राहिल्याचे पुढे लक्षात आले, तर पडताळण्यासाठी तीच उपयोगी पडते. महत्त्वाच्या मजकुराच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी असाव्यात. त्यांतली एखादी दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरी असावी. जे खरोखर अमोल आहे, ते चांगल्या कागदावर छापूनही ठेवावे. आणि सर्वच जुने नव्या घरी न्यायला हवे असेही नाही. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातील जेवणावळीची यादी मागे राहिली, तर कोणाचे काही बिघडत नाही. काय न्यायचे आणि काय सोडायचे, हे ठरवण्यासाठीही आधी वाचावेच लागते.

बाईंचे काम जवळजवळ नऊ महिने चालले. ओव्यांच्या तीन प्रती झाल्या. एक बडोद्याला राहिली, एक नाशिकला गेली, तिसरी छापून, बांधून भाच्याच्या मुलीला दिली. ती बडोद्यातच वाढली, गुजराती माध्यमाच्या शाळेत शिकली. मराठी तिला बोलता येते आणि हळूहळू वाचता येते. तीही एक दिवस आपला संगणक बदलणार, हे बाईंना ठाऊक होते. तेव्हा आपण असू वा नसू, असा विचार करून त्यांनी फाइलीच्या अखेरीस, ओव्या संपल्यावर, एक नोंद जोडली:

“या ओव्या माझ्या आईच्या आहेत. २००२ ते २००५ या काळात त्या जुन्या फॉन्टात टंकित केल्या आणि २०१४ साली युनिकोडमध्ये आणल्या. मूळ फाइली आणि दोन्ही फॉन्ट यासोबतच ठेवले आहेत. जेथे टिंबे आहेत, तेथील शब्द आम्हा बहिणींना आठवले नाहीत; ते कोणाला ठाऊक असल्यास भरावेत आणि आपले नाव लिहावे. ‘पानी’, ‘लोनी’ असे शब्द आले आहेत, ते दुरुस्त करू नयेत. आई असेच म्हणत असे.”